एक नंबरचा सिलिंडर नेमका कोणता? चार सिलिंडरच्या इंजिनातले क्रमांक आणि फायरिंग ऑर्डर

पेट्रोलवरची डस्टर मिसिंग करते म्हणून स्कॅनर लावला आणि कोड आला पी०३०१, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये स्फोट हुकतोय. बोनेट उघडून बेल्टच्या बाजूची पहिली कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) काढली, नवी बसवली, कोड पुसला. गाडी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तोच कोड परत. कॉइल खराब असल्याचं निदान चुकलेलं नाही. पण खराब कॉइल दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि अजून तिथेच बसलेली आहे. डस्टरच्या त्या १.६ लिटरच्या इंजिनात रेनोने मोजायला सुरुवात फ्लायव्हीलकडून केली आहे. बेल्टकडचा सिलिंडर हा एक नव्हे, चार नंबरचा.

गॅरेजमध्ये सिलिंडरचा क्रमांक आणि फायरिंग ऑर्डर एकाच दमात बोलले जातात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रमांक सांगतो कोणता सिलिंडर कुठे आहे. फायरिंग ऑर्डर सांगते कोणाची पाळी कधी. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे पाळीपाळीने प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या यंत्राच्या, जुन्या गाडीत तिसरी गोष्टही लागते, ती म्हणजे त्याच्या आतला रोटर कोणत्या दिशेने फिरतो. तिन्ही स्वतंत्रपणे तपासायच्या. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधला की घोळ झालाच.

डावं-उजवं विसरा, फ्लायव्हील शोधा

मोजणी कधीच बोनेटसमोर उभं राहून डावीकडून उजवीकडे करू नका. आधी इंजिनाची दोन टोकं ओळखा. एका टोकाला पुली, फॅनबेल्ट आणि टायमिंगची चेन किंवा बेल्ट असतो. दुसऱ्या टोकाला फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स. इंजिनाचं ‘पुढचं’ टोक म्हणजे पुलीचं टोक, मग ते गाडीत कुठल्याही दिशेला तोंड करून बसवलेलं असो. बहुतेक कंपन्या एक नंबर याच टोकाला देतात आणि चार नंबर फ्लायव्हीलला चिकटून येतो.

लांबीला बसवलेल्या इंजिनात गोंधळाला जागाच नाही. ॲम्बेसेडर, जिप्सी, क्वालिस, इनोव्हा या सगळ्यांत रेडिएटरकडचा पहिला सिलिंडर तो एक नंबर. आडव्या इंजिनात मात्र बघावं लागतं. स्विफ्टमध्ये चेनची बाजू ड्रायव्हरकडे आणि गिअरबॉक्स डावीकडे आहे. त्यामुळे तुम्ही गाडीसमोर उभे असाल तर एक नंबर तुमच्या डाव्या हाताला येतो. १९९८ साली आपल्याकडे आलेल्या पहिल्या होंडा सिटीत इंजिन नेमकं उलटं बसवलेलं आहे. टायमिंग बेल्ट गाडीच्या डाव्या अंगाला, म्हणून एक नंबरही तिकडेच. मेकॅनिकने फोनवर ‘डावीकडचा पहिला’ असं सांगितलं तर कोणाच्या डावीकडचा, हे विचारूनच पाना हातात घ्या. गाडीचं डावं-उजवं हे नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरतं.

आता अपवाद, कारण पैसे तिथेच वाया जातात. फ्रेंच कंपन्यांची जुनी रीत फ्लायव्हीलकडून मोजण्याची. प्यूजो-सिट्रोएनची कित्येक इंजिनं आणि रेनोची के-मालिकेतली इंजिनं या रीतीची आहेत. आपल्याकडे फ्रेंच गाड्या फार नाहीत म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण फ्रेंच इंजिनं इतर नावांच्या बोनेटखाली भरपूर फिरली. नाशिकला बनलेली महिंद्रा-रेनो लोगन, नंतरची डस्टर, निसानची सनी, मायक्रा आणि टेरानो, या सगळ्यांच्या डिझेल आवृत्तीत रेनोचं १.५ लिटरचं के९के इंजिन होतं. कल्याणच्या कारखान्यातून निघालेली प्यूजो ३०९ आता क्वचित दिसते, पण तिच्यातलं १५२७ सीसीचं टीयूडी५ डिझेल इंजिन मारुतीने झेन आणि एस्टीम डिझेललाही घातलं होतं. म्हणजे झेन पेट्रोलमध्ये एक नंबर टायमिंगकडे आणि झेन डिझेलमध्ये तो फ्लायव्हीलकडे. गाडी तीच, नाव तेच, मोजणी उलटी. याउलट फियाटचं १.३ मल्टिजेट, जे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा असंख्य गाड्यांत गेलं, ते नेहमीच्या रीतीचं आहे, एक नंबर टायमिंग चेनकडे.

म्हणून गाडीचं मॉडेल बघून नव्हे, इंजिनाचा कोड बघून क्रमांक ठरवा. कोड बहुधा ब्लॉकवर कोरलेला किंवा प्लेटवर असतो. कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर खुणा शोधा. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर ‘१’ असा आकडा असतो, काही इंजिनांत व्हॉल्व्ह कव्हरवर किंवा इनटेक मॅनिफोल्डवर आकडे ओतलेले असतात, आणि प्लगच्या मूळ वायरींवर बऱ्याचदा क्रमांक छापलेले असतात. वायर बदललेली असेल तर तिच्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. कोणी कुठली वायर कुठे लावली असेल याचा नेम नाही.

दोनच फायरिंग ऑर्डर का?

सरळ रांगेतल्या चार सिलिंडरच्या गाडीच्या इंजिनात १-३-४-२ किंवा १-२-४-३ या दोनच ऑर्डर भेटतात. हे पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेलं बरं, कारण एकदा समजलं की पुढची निम्मी कामं आपोआप सोपी होतात.

फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक पूर्ण चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत होतं. सिलिंडर चार, म्हणून दर १८० अंशांना एक स्फोट हवा. त्यासाठी क्रँकशाफ्ट सपाट घडवलेला असतो. कडेचे दोन पिस्टन, १ आणि ४, एकत्र वर येतात. त्याच वेळी मधले दोन, २ आणि ३, एकत्र खाली असतात. या मांडणीने वजनाचा तोलही साधतो, दोघे वर जाताना दोघे खाली येतात. थोडी दुय्यम थरथर उरतेच, आणि ती मारायला काही मोठ्या इंजिनांत क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे बॅलन्सर शाफ्ट घालतात.

आता १ नंबरमध्ये स्फोट झाला. अर्ध्या फेरीनंतर वर कोण येणार? २ आणि ३. त्यातल्या एकाचा स्फोट, दुसऱ्याचा एक्झॉस्ट. आणखी अर्ध्या फेरीने पुन्हा १ आणि ४ वर येतात. १ चा स्फोट नुकताच झालाय, म्हणून पाळी ४ ची. मग २ आणि ३ मधला जो राहिला तो. म्हणजे क्रमात तिसऱ्या जागेवर ४ असणारच, निवड फक्त २ आणि ३ मध्ये, आणि ती कॅमशाफ्टच्या उंचवट्यांनी ठरते. १-२-३-४ असा सरळ क्रम या क्रँकवर शक्यच नाही, कारण २ आणि ३ एकाच वेळी वर येतात.

व्यवहारात आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या गाड्या १-३-४-२. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, जिप्सी, झेन, सँट्रो, सिटी, इंडिका, इनोव्हा, सगळ्या. १-२-४-३ चं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे फोर्डचं इंग्लंडमधलं केंट इंजिन, जे तिथल्या अँग्लिया, कोर्टिना, एस्कॉर्टमध्ये होतं. परदेशात राहून अशी जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं.

इथून एक कामाची गोष्ट हाती लागते. १ आणि ४ ही जोडी, २ आणि ३ ही दुसरी. दोन्हींची बेरीज ५. जोडीतला एक कॉम्प्रेशनच्या शेवटी वर असतो तेव्हा दुसरा एक्झॉस्टच्या शेवटी वर असतो. टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं), कॉइल, डिस्ट्रिब्युटर, सगळीकडे ही जोडी उपयोगी पडते.

मॅन्युअल नाही, ऑर्डर इंजिनालाच विचारा

व्हॉल्व्ह कव्हर काढा, सगळे प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हलक्या हाताने फिरेल. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत राहा आणि फक्त इनटेक व्हॉल्व्हकडे बघा. कोणता व्हॉल्व्ह इनटेकचा, हे मॅनिफोल्डच्या पाईपवरून कळतं. एक नंबरचा इनटेक दबायला लागला की पुढे कोणाचा दबतो ते टिपा. तीन नंबरचा दबला तर १-३-४-२, दोन नंबरचा दबला तर १-२-४-३. बाकी काही बघायची गरज नाही.

फिरवण्याची दिशा पुलीकडून बघताना बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. वर उल्लेख केलेली जुनी सिटी इथेही वेगळी, होंडाची त्या काळातली इंजिनं उलट्या दिशेने फिरतात. खात्री नसेल तर प्लग काढलेल्या अवस्थेत आणि इग्निशन तोडलेल्या स्थितीत स्टार्टरचा एक झटका देऊन पुली कुठे फिरते ते बघा. इंजिन कॅमशाफ्टच्या बोल्टवरून कधीही फिरवू नका. आणि टायमिंग बेल्ट काढलेला असेल तर क्रँकला हातच लावू नका, बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो.

एक नंबरचा टीडीसी पकडणे

टायमिंग, डिस्ट्रिब्युटर, टॅपेट, कुठलंही काम इथूनच सुरू होतं. टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वात वर असण्याची स्थिती. ती एका चक्रात दोनदा येते आणि आपल्याला हवी असते कॉम्प्रेशनच्या शेवटची.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे जातात. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी.

२. प्लगच्या खड्ड्यात हवा मारून कचरा उडवा, मगच प्लग सोडा. काढलेले प्लग पुठ्ठ्यावर १ ते ४ आकडे लिहून त्याच क्रमाने ठेवा. कोणता काळा, कोणता पांढरट, कोणता तेलकट, हे नंतर फार कामाला येतं, आणि प्लग एकत्र टाकले की ती सगळी माहिती गेली.

३. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा. खोल विहिरीसारखी जागा असेल आणि अंगठा पोचत नसेल तर भोकात कागदाचा बोळा किंवा रबराची नळी बसवा, पण आत जाईल इतका लहान बोळा नको.

४. क्रँक हळू फिरवा. हवा जोरात अंगठा उचलायला लागली की कॉम्प्रेशन सुरू झालं. एक्झॉस्टच्या वेळी असा दाब लागत नाही.

५. आता पुलीवरची खूण कव्हरवरच्या शून्याशी जुळेपर्यंत फिरवा. पुढे गेलात तर मागे थोडंसंच आणून थांबू नका. चांगली पाव फेरी मागे न्या आणि पुन्हा पुढे आणत खुणेवर थांबा, म्हणजे चेन किंवा बेल्टचा ढिलेपणा मोजणीत येत नाही.

व्हॉल्व्ह कव्हर उघडं असेल तर अंगठ्याची गरज नाही. पुलीची खूण जुळली असताना चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह अर्धवट दबलेले, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय असे दिसले, तर एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे. उलट दिसलं तर क्रँकची एक पूर्ण फेरी अजून द्या.

डिस्ट्रिब्युटरच्या वायरी

एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आहे. कॅप काढा. रोटरचं पितळी टोक कुठे बघतंय? कॅपवर त्या जागी जे टर्मिनल येतं ते एक नंबरचं. रोटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून चार टर्मिनल ९० अंशांच्या अंतराने आहेत. आता सहायकाला क्रँक थोडी फिरवायला सांगून रोटरची दिशा बघा. त्या दिशेने पुढची टर्मिनल अनुक्रमे ३, ४ आणि २ ची. ॲम्बेसेडरच्या बी-सिरीज पेट्रोल इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे वायरीही उलट्या दिशेने लावत जायचं. सवयीने घड्याळाच्या दिशेने लावल्या की काय होतं पाहा. १ आणि ४ समोरासमोर असल्याने ते बरोबरच राहतात, फक्त २ आणि ३ ची अदलाबदल होते. इंजिन दोनच सिलिंडरवर थरथरत चालतं आणि कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटके मारतं. प्लग नवे घातल्याबरोबर गाडी अशी वागू लागली तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी या दोन वायरी बघा.

गाडी अजिबात चालू होत नाही, फक्त बॅकफायर करते, आणि डिस्ट्रिब्युटर नुकताच काढून बसवलाय, तर तो १८० अंशांनी उलटा बसला असण्याची शक्यता मोठी. एक नंबर कॉम्प्रेशनवर असताना रोटर चार नंबरच्या टर्मिनलकडे बघत असेल तर तेच झालंय. पुढच्या वेळी काढण्याआधी रोटरच्या टोकासमोर डिस्ट्रिब्युटरच्या काठावर आणि डिस्ट्रिब्युटरच्या पायाशी ब्लॉकवर पंचने खूण करा. वायरींना चिकटपट्टीचे आकडे लावा आणि एकावेळी एकच वायर बदला. इतकं केलं तर वरचं सगळं वाचायची वेळही येत नाही.

डिस्ट्रिब्युटर नसलेल्या गाड्या

पेट्रोल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत दोन कॉइल असतात, एक १-४ साठी आणि एक २-३ साठी. कॉइल जोडीतल्या दोन्ही सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते. एक कॉम्प्रेशनवर असतो, त्याचं काम होतं. दुसरा एक्झॉस्टवर, त्याची ठिणगी वाया जाते. म्हणून अशा गाडीत १ आणि ४ च्या प्लगच्या वायरी आपसांत बदलल्या तरी इंजिनाला फरक कळत नाही. १ आणि २ बदलल्या की मात्र गाडी चालूच होत नाही किंवा भयंकर हादरते. जोडीतले दोन्ही सिलिंडर एकदम मिसिंग दाखवत असतील, म्हणजे पी०३०१ आणि पी०३०४ हे कोड सोबत आले, तर प्लगपेक्षा ती कॉइल किंवा तिच्याकडे जाणारी वायर आधी तपासा.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत मात्र १ आणि ४ चे कनेक्टर बदललेलेही चालत नाहीत. ठिणगी एक पूर्ण फेरी उशिरा पडेल आणि दोन्ही सिलिंडर मरतील. इथे तपासणीची सोपी रीत अशी: कोड पी०३०३ आलाय, तर तीन नंबरची कॉइल काढून दोनवर आणि दोनची तीनवर लावा. कनेक्टर मात्र आपापल्या जागीच राहू द्या. कोड पुसून गाडी फिरवा. आता पी०३०२ आला तर कॉइल दोषी. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग त्याच पद्धतीने प्लग फिरवा, त्यानंतर इंजेक्टरचं कनेक्शन आणि शेवटी कॉम्प्रेशन. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी आढळलं, तर दोघांच्या मधला हेड गॅस्केट उडाल्याचा संशय घ्या. कॉइल विकत घेण्याआधी ही अदलाबदल करायला पैसा लागत नाही, तरी ती फार थोड्या ठिकाणी होते.

जाता जाता, २००३ च्या सिटीतल्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आहेत, प्रत्येकी दोन. एका सिलिंडरमधले दोन प्लग एकाच क्रमांकाचे, पण पुढची आणि मागची रांग आपापल्या जागी ठेवा, आणि चारच प्लग बदलून सर्व्हिसिंग झाल्याचं बिल कोणी दिलं तर विचारा.

टॅपेट दोन टप्प्यांत

१-३-४-२ च्या इंजिनात आठही व्हॉल्व्हसाठी आठ वेळा क्रँक फिरवायची गरज नाही. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना १ चे दोन्ही, २ चा इनटेक आणि ३ चा एक्झॉस्ट सैल असतात, ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) लावून घ्या. मग क्रँकची बरोबर एक फेरी. आता चार नंबर कॉम्प्रेशनवर आला. ४ चे दोन्ही, ३ चा इनटेक आणि २ चा एक्झॉस्ट. झालं. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात हेच, फक्त प्रत्येक वेळी जोडीने. १-२-४-३ असेल तर २ आणि ३ ची भूमिका बदलते. गॅप किती आणि गरम इंजिनावर की थंड, हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावं.

ॲम्बेसेडरवाल्यांची नऊची रीतही चांगली आहे. व्हॉल्व्ह रेडिएटरकडून १ ते ८ मोजायचे. आठवा पूर्ण दबला की पहिला लावायचा, सहावा दबला की तिसरा, बेरीज नेहमी नऊ. व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही अंगांनी सारखी असल्याने हे जमतं, सगळ्या इंजिनांत जमेलच असं नाही.

डिझेल

ठिणगी नाही, पण क्रम तोच. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेलमध्ये पंपाकडून नोझलकडे जाणारे पाईप त्याच क्रमाने लागतात. बॉशच्या गोल पंपाच्या डोक्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात आणि ती सिलिंडरचे क्रमांक नसून पाळीचा क्रम सांगतात. १-३-४-२ मध्ये बी म्हणजे तीन नंबर, दोन नव्हे. अशा इंजिनात कोणता सिलिंडर काम करत नाही हे बघायला चालू इंजिनावर नोझलचा नट किंचित सैल करून आवाज बदलतो का ते ऐकत. कॉमन रेल डिझेलवर, म्हणजे मल्टिजेट, के९के, इनोव्हा यांवर, हे कधीही करू नका. तिथल्या पाईपमध्ये हजार बारच्या वरचा दाब असतो आणि ती बारीक धार कातडी फोडून आत जाते. तिथे स्कॅनरवर सिलिंडरनिहाय आकडे बघावेत, किंवा इंजेक्टरचं कनेक्टर काढून तपासण्याचं काम जाणत्यावर सोपवावं.

पेट्रोल गाडीतही चालू इंजिनावर प्लगची वायर उपटून बघण्याची जुनी सवय सोडा. झटका जोरदार बसतो, शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होतो. त्याऐवजी इंजेक्टरचं कनेक्टर काढा. ठिणगी आणि पेट्रोल यांतलं पेट्रोलच थांबतं, आणि आवाजातला फरक तितकाच स्पष्ट कळतो.

समोरासमोरचे चार

बॉक्सर इंजिनात क्रँकची घडण वेगळी, त्यामुळे वरचा जोडीचा हिशोब लागू नाही. सुबारूमध्ये १ आणि ३ उजव्या अंगाला, २ आणि ४ डाव्या अंगाला, ऑर्डर १-३-२-४. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलचं इंजिन मागे आहे आणि फ्लायव्हील गाडीच्या पुढच्या बाजूला बघतं. तिथे उजव्या अंगाला पुढचा १, मागचा २, डाव्या अंगाला पुढचा ३, मागचा ४, आणि ऑर्डर १-४-३-२. डिस्ट्रिब्युटरच्या काठावर एक नंबरसाठी छोटी खाच असते. बीटलवाले टॅपेट लावताना क्रँक मुद्दाम उलट्या दिशेने अर्धी-अर्धी फेरी देतात, कारण १-४-३-२ उलटं वाचलं की १-२-३-४ असा सरळ क्रम मिळतो आणि गाडीखाली आडवं पडून आकडे आठवत बसावं लागत नाही.